बॅटीवरचा शिक्का

(द्वितीय वर्ष, कला)

सॉफ्टबॉल हे नाव ज्याने ठेवले त्याला तो चेंडू अंगावर कधी बसला नसावा, असे आमच्या संघातल्या मुली गमतीने म्हणतात. बारा इंच घेराचा आणि जवळजवळ दोनशे ग्रॅम वजनाचा हा चेंडू नावाप्रमाणे मऊ मुळीच नाही. आमच्या महाविद्यालयात पुष्कळांना हा खेळ म्हणजे मुलींचे क्रिकेट वाटतो. त्यांना बेस आणि पिचर समजावून सांगण्यात माझे पहिले वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी मी तो नाद सोडला. परंतु या खेळात एक वाद असा आहे की, ज्याला सॉफ्टबॉलचे ओ की ठो कळत नाही त्यालाही तो कळावा. तो म्हणजे बॅटीचा वाद. बॅट कशी असावी, तिने चेंडू किती जोराने उडावा आणि हे ठरवायचे कोणी, यावर अमेरिकेत गेली पन्नास वर्षे खल चालू आहे. त्याची झळ आता आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या संघालाही लागू लागली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या खेळाचा पहिला चेंडू मात्र खरोखरच मऊ होता. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही तरुण हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमले होते. निकाल लागल्यावर आनंदाच्या भरात एकाने बॉक्सिंगचा हातमोजा दुसऱ्याकडे फेकला आणि त्याने तो काठीने टोलवला. तेथेच जॉर्ज हॅनकॉक याला खेळ सुचला. मोजा दोरीने घट्ट बांधला, तो झाला चेंडू. झाडूचा दांडा, ती झाली बॅट. कसला शिक्का आणि कसले काय! लहानपणी आम्ही विटीदांडूसाठी बाभळीची फांदी तोडून आणत असू, तेव्हा तिची लांबी कोणी पट्टीने मोजली नव्हती, तसेच हे. पुढे १९२६ साली वॉल्टर हाकॅनसन यांनी 'सॉफ्टबॉल' हे नाव सुचवले. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मोठी स्पर्धा भरली आणि त्याच सुमारास अमेरिकेची अॅमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन उभी राहिली. ही संस्था २०१७ पासून यूएसए सॉफ्टबॉल या नावाने ओळखली जाते. खेळाला घर मिळाले, आणि घर आले की घराचे नियमही आले.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत खेळतात तो वेगवान चेंडूचा सॉफ्टबॉल. अमेरिकेतली मोठी माणसे करमणुकीसाठी अधिक करून खेळतात तो संथ चेंडूचा. त्यात पिचर चेंडू खालून, कमीत कमी सहा फूट उंचीची कमान करून टाकतो. असा चेंडू कोणालाही मारता येतो, आणि हीच त्या खेळाची गंमत आहे. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेले कामगार, चर्चची मंडळी, कचेरीतले कारकून, पोट सुटलेले गृहस्थ, सारे संध्याकाळी मैदानावर येतात आणि टोले हाणून घरी जातात. आपल्याकडे रविवारी सकाळी टेनिसच्या चेंडूने क्रिकेट चालते, त्याच जातीचा हा विरंगुळा. अशा घरगुती खेळात बॅटीच्या नियमांवरून माणसांनी एकमेकांशी भांडावे, याचे आधी मला हसू आले होते. अधिक वाचले तेव्हा हसू ओसरले.

भांडणाचे मूळ आहे अॅल्युमिनियममध्ये. १९६९ साली अमेरिकेच्या संघटनेने सॉफ्टबॉलसाठी अॅल्युमिनियमच्या बॅटीला मान्यता दिली आणि लगेच कारखान्यांतून तशा बॅटी बाहेर पडू लागल्या. हेतू अगदी साधा होता. लाकडी बॅट मोडते, ही मोडत नाही. एकदा घेतली की काही वर्षे पाहायला नको. म्हणजे धातूची बॅट आली ती काटकसर म्हणून! पण लवकरच ध्यानात आले की हिने चेंडूही दूर जातो.

याचे कारण असे की, लाकडी बॅट भरीव असते. चेंडू तिच्यावर आपटला म्हणजे चेंडूच चेपतो आणि चेपण्यात त्याची पुष्कळशी शक्ती वाया जाते. धातूची बॅट आतून पोकळ असते. तिची भिंत क्षणभर आत दबते आणि परत उसळताना चेंडूलाही उसळवते. घरातल्या फरशीवर उडी मारणारे पोर आणि सुतळीने विणलेल्या बाजेवर उडी मारणारे पोर, यांत जो फरक तोच येथे. भिंत जितकी पातळ तितकी उसळी जास्त. हे गणित कळल्यावर कारखानदार कसले थांबतात! मिश्रधातू अधिक मजबूत झाले, भिंती अधिक पातळ झाल्या. १९९३ मध्ये टायटॅनियमच्या बॅटी निघाल्या, आणि त्या इतक्या तेज निघाल्या की त्यांच्यावर लवकरच बंदी घालावी लागली. मग दुहेरी भिंतीच्या आल्या. त्यामागून कार्बनच्या तंतूंच्या, म्हणजे कंपोझिट बॅटी आल्या. पूर्वी जो टोला मधल्या खेळाडूच्या हातात विसावत असे, तो आता कुंपणापलीकडे जाऊ लागला.

क्रिकेटमध्येही हे झालेले आहे. १७७१ साली इंग्लंडात थॉमस व्हाइट नावाचा खेळाडू यष्ट्यांएवढी रुंद बॅट घेऊन आला. त्यानंतर बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. १९७९ च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत डेनिस लिली अॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. तिने चेंडू खराब होतो अशी इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली याने तक्रार केली, आणि पुढे बॅटीचे पाते लाकडाचेच असावे असे नियमात आले. क्रिकेटने दार वेळेवर लावून घेतले. सॉफ्टबॉलने ते १९६९ लाच उघडले होते. आत आलेल्याला बाहेर काढणे कठीण गेले.

आता कोणी म्हणेल, चेंडू दूर गेला तर बिघडले काय? प्रेक्षकांना मजाच येईल. बिघडते ते पिचरचे. संथ चेंडूच्या खेळात पिचरची जागा फलंदाजापासून ५० फुटांवर असते. चेंडू ताशी ९८ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरच्या वेगाने सरळ त्याच्याकडे आला, तर तो पोहोचायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. एवढ्यात चेंडू दिसायचा, तो आपल्याच तोंडावर येतो आहे हे कळायचे आणि हातमोजा वर न्यायचा. पिचर बिचारा चेंडू टाकून नुकता कुठे सावरत असतो. ९८ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. २००० साली अमेरिकेच्या संघटनेने बॅटीच्या कामगिरीवर पहिली मर्यादा घातली. २००४ साली नवी कसोटी आणली, ती हीच: प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने मोजला असता बॅटीवरून निघालेल्या चेंडूचा वेग ताशी ९८ मैलांच्या वर जाता कामा नये. उतरलेल्या बॅटीवर शिक्का. न उतरलेली बाद. बाद बॅटींची यादी छापली जाते, आणि सामन्याआधी अंपायर एकेक बॅट हातात घेऊन शिक्का पाहतो.

येथे मला माझ्या वडिलांची आठवण सांगितली पाहिजे. आप्पा सुतारकाम करतात. शाळा त्यांनी चौथीतच सोडली. परंतु लाकूड हातात घेतल्याबरोबर ते त्याचे वय सांगतात. एकदा मुठीवरची पट्टी बदलायला मी संघाची बॅट घरी आणली होती. आप्पांनी ती उचलली, मडके वाजवून पाहावे तशी नखाने वाजवली आणि म्हणाले,

"ही तर पोकळ आहे गं! लाकडाला काय धाड भरली होती?"

"लाकूड मोडतं ना आप्पा."

"मोडतं ते बरं. मोडलं की दिसतं तरी. ही आतून बिघडली तर तुला कसं कळणार?"

मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते. पुढे वाचताना कळले की, अमेरिकेतल्या शहाण्या लोकांना २००४ नंतर छळणारा प्रश्न नेमका हाच होता. कंपोझिट बॅट नवी असताना कसोटीला उतरते. पण टोले खाऊन खाऊन तिचे तंतू आतल्या आत सैल होतात आणि ती अधिक उसळी देऊ लागते. लाकडी बॅट जुनी होते तशी दुबळी होते. ही जुनी होते तशी तेज होते! शिक्का मात्र पहिल्या दिवसाचाच राहतो. काही लोक तेवढीही वाट पाहत नाहीत. ते बॅट दोन रुळांमध्ये दाबून फिरवतात, म्हणजे ती आधीच सैल होते. कोणी तिचे टोक काढून आतली भिंत लेथवर खरवडून पातळ करतात. कोणी बंदी असलेल्या बॅटीला मान्य बॅटीसारखा रंग देतात, शिक्क्यासह. आणि हे सारे कशासाठी, तर संध्याकाळच्या विरंगुळ्याच्या सामन्यात एक होमरन जास्त मिळावा म्हणून. हे ऐकून आप्पा म्हणाले, "रंधा मारायचा तो माल नीट करायला. माणूस मारायला नव्हे."

म्हणून आता नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. तिकडच्या अनेक स्पर्धांत मैदानावरच एक दाबयंत्र ठेवतात. बॅटीचे पोट त्यात दाबायचे आणि ठरावीक दबायला किती पौंडांचा जोर लागतो ते पाहायचे. फार सहज दबली तर समजावे की ती सैल झाली आहे. यूएसएसएसए या तेथल्या दुसऱ्या मोठ्या संघटनेने ही मर्यादा २२० पौंडांची धरली होती. नव्या बॅटींसाठी ती २४० वर नेली. म्हणजे नियम बॅटीच्या मागून धावत आहे आणि बॅट नियमाच्या पुढे. अशा प्रत्येक बदलात कोणाच्या तरी घरातली, कालपर्यंत चालणारी बॅट आज सरपणासारखी कोपऱ्यात पडते. चांगल्या बॅटीला तेथे तीनशे-चारशे डॉलर पडतात, म्हणजे आपले पंचवीस-पस्तीस हजार रुपये. कारखान्यातल्या माणसाने ती हौसेने घ्यावी आणि दोन हंगामांनी कोणी सांगावे की हिचे नाव यादीत चढले! त्याने आदळआपट केली तर मी त्याला दोष देणार नाही.

मी दोष का देणार नाही, आणि तरीही नियमाच्या बाजूने का आहे, हे सांगायला मला दोन प्रसंग सांगावे लागतील.

पहिला असा. आमच्या संघात माझ्याआधी एक ताई पिचर होती. आपल्याकडे मुलींची पिचर ४३ फुटांवर उभी राहते, म्हणजे अमेरिकेतल्या त्या पिचरपेक्षाही सात फूट जवळ. आणि चेंडू टाकताना ती पाऊल पुढे टाकते ते वेगळेच. एका निमंत्रितांच्या सामन्यात बाहेरगावच्या संघातली एक मुलगी झगझगीत नवी बॅट घेऊन आली. तिच्या टोल्याचा आवाजही निराळा होता. तिसऱ्या इनिंगमध्ये तिने मारलेला चेंडू ताईच्या गालावर बसला. गालाचे हाड मोडले. ताई दोन महिन्यांनी मैदानावर आली; परंतु पिचरच्या जागी पुन्हा उभी राहिली नाही. "चेंडू दिसलाच नाही गं," एवढेच ती म्हणे. ती पुढे पोलीस भरतीच्या तयारीला लागली आणि तिची जागा मला मिळाली. ती बॅट नियमात बसणारी होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. कारण त्या दिवशी कोणत्याच बॅटीवरचा शिक्का कोणी पाहिला नाही. पाहावा लागतो हे आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हते.

दुसरा प्रसंग यंदाचा. आमच्या संघाकडे धड म्हणावी अशी एकच बॅट आहे. प्रत्येकीने दोनशे रुपये काढले, उरलेले सरांनी पदरचे घातले, तेव्हा ती आली. तीन वर्षे सगळ्या मुली तिनेच खेळल्या. एका स्पर्धेत अंपायरने सामन्याआधी बॅटी तपासायला घेतल्या. मला मनातून बरे वाटले. ताईच्या वेळी हे झाले असते तर, असे वाटून गेले. तेवढ्यात त्यांनी आमची बॅट बाजूला ठेवली. रंग घासून शिक्का दिसेनासा झाला होता. "मान्यतेची खूण वाचता येत नाही. चालणार नाही." दुसरी बॅट टोकाला चेपलेली होती, तीही गेली. सर पुष्कळ विनवत होते, परंतु अंपायर नियमावर ठाम होते, आणि नियमाने त्यांचेच बरोबर होते. शेवटी समोरच्या संघाच्या कर्णधार मुलीने आपणहून त्यांची एक बॅट आम्हाला दिली. आम्ही एका रनने हरलो. त्याचे खापर मी बॅटीवर फोडणार नाही. उलट त्या उसन्या बॅटीने आमच्या दोघींनी असे टोले मारले की तसे आम्ही आमच्या बॅटीने कधी मारले नव्हते. परतीच्या एस. टी. त कोणी फारसे बोलले नाही. आमची मेहनत आणि त्यांची मेहनत यांच्यामध्ये पंचवीस हजारांची एक वस्तू उभी आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना हाताने कळले होते.

म्हणजे ज्या नियमामुळे माझा गाल वाचायचा, त्याच नियमाने माझ्या संघाची बॅट काढून घेतली. नियम नको म्हणणे मला शक्य नाही. मी ४३ फुटांवर उभी असते. परंतु नियम करणारा जेव्हा "जुनी बॅट बाद" असे लिहितो, तेव्हा दहा बॅटी असणाऱ्याची एक जाते आणि एकच असणाऱ्याचा खेळच जातो. हे त्याच्या ध्यानात असावे, एवढे तरी मागता आले पाहिजे.

यावर उपाय नाहीत असे नाही. अमेरिकेतच काही ठिकाणी केवळ लाकडी बॅटीचे सामने होतात. तेथे शिक्क्याची कटकटच कमी. काही ठिकाणी बॅटीऐवजी चेंडूला आवर घालतात. कमी कठीण गाभ्याचा चेंडू वापरला की तेज बॅटीचा टोलाही मवाळ होतो, आणि चेंडू बॅटीच्या मानाने कितीतरी स्वस्त. ज्येष्ठांच्या सामन्यांत इतरत्र बाद झालेल्या तेज बॅटी चालू देतात, परंतु पिचरपुढे जाळीचा आडोसा उभा करतात. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे मार्ग काढला आहे.

आम्हीही आमचा काढला. दिवाळीनंतर आमच्या मैदानावर शेजारच्या दोन महाविद्यालयांशी मैत्रीचे सामने झाले, तेव्हा सरांना विचारून आम्ही ठरवले की, तपासलेल्या दोन बॅटी प्लेटजवळ ठेवायच्या आणि सर्व संघांनी त्याच वापरायच्या. कोणाचीही असो, बॅट सामाईक. काही मुलींनी कुरकुर केली. हातात बसलेली बॅट सोडून दुसरी घेणे जड जाते, आणि ती तक्रार खोटी नव्हे. पण सामने चुरशीचे झाले. कोणाचा टोला चांगला, हे त्या दिवशी निर्विवाद कळले.

दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. आमच्या क्रीडा विभागाच्या रजिस्टरात आता प्रत्येक बॅटीसाठी एक पान आहे. बॅट आली त्या दिवसाची पावती आणि शिक्क्याचे स्पष्ट छायाचित्र त्यावर चिकटवायचे. उद्या रंग घासला तरी अंपायरपुढे ठेवायला काही कागद असावा. तो मानायचा की नाही हे त्यांच्या हाती. परंतु गरिबाने आपली पावती जपून ठेवावी, हे आप्पांनी मला लहानपणीच शिकवले आहे. त्याच पानावर खाली आम्ही आणखी एक रकाना आखला: बॅट कोणत्या महिन्यात वाजवून पाहिली. चीर, खडखड, सैल टोक, जे असेल ते लिहायचे. हे काम सध्या माझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी संघात येणाऱ्या मुलींपैकी जी पिचर होईल, तिच्याकडे ते रजिस्टर सोपवावे अशी माझी सरांना विनंती आहे. बॅट तपासण्याची निकड तिच्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार?